नियमावलीतल्या अटी आल्या कुठून?

परीक्षक निवड करतात अशा चित्रप्रदर्शनाची नियमावली पहिल्यांदा वाचताना कटकटीचीच वाटते. पाठीमागे तार हवी, खिळ्यावर अडकवायची दातेरी पट्टी चालणार नाही, रंग पूर्ण वाळलेला हवा, एकदा लिहिलेली किंमत बदलता येणार नाही. पण निवड, मांडणी आणि विक्री या तिन्हींवर चित्रकार आणि संस्था फार पूर्वीपासून भांडत आल्या आहेत, आणि त्या भांडणांच्या खुणा आजही या अटींत दिसतात.

सुरुवात पॅरिसची. तिथल्या शाही कला अकादमीने १६६७ मध्ये सभासदांची चित्रे मांडली. १७२५ पासून ती लूव्रच्या ‘सालों कारे’ या दालनात लागू लागली आणि प्रदर्शनालाच ‘सालों’ हे नाव पडले. १७४८ मध्ये परीक्षक मंडळ आले. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९१ मध्ये, दार सर्वांना उघडले आणि चित्रांचा ओघ वाढत गेला. एकोणिसाव्या शतकात नाकारलेल्या चित्राच्या पाठीवर ‘आर’ (फ्रेंच ‘रेफ्यूझे’, म्हणजे नाकारलेले) या अक्षराचा शिक्का मारत. गिऱ्हाईकाने चित्र उलटून पाहिले की शिक्का दिसायचा, म्हणजे एका नकाराने पुढची विक्रीही धोक्यात यायची. १८६३ मध्ये परीक्षकांनी आलेल्या कामांपैकी दोन तृतीयांशच्या आसपास नाकारली. ओरड इतकी झाली की सम्राट तिसऱ्या नेपोलियनने नाकारलेल्या चित्रांचे वेगळे प्रदर्शन भरवायला लावले. फ्रेंच चित्रकार एदुआर माने यांचे हिरवळीवरच्या न्याहारीचे चित्र लोकांनी पाहिले ते तिथेच. १८८४ मध्ये ‘परीक्षक नाहीत, बक्षिसे नाहीत’ असे ठरवून स्वतंत्र चित्रकारांचे प्रदर्शन सुरू झाले.

लंडनमध्ये वाद पेटला तो टांगणीवरून. रॉयल अकादमीचे पहिले प्रदर्शन १७६९ चे, १३६ कामांचे. पुढे सॉमरसेट हाउसच्या मोठ्या दालनात चौकटीला चौकट भिडवून छतापर्यंत चित्रे लावत. जमिनीपासून सुमारे आठ फुटांवर एक पट्टी होती. मोठी चित्रे त्या रेषेवर लागली तर मान मिळे, फार वर गेली तर बारकावे दिसतच नसत. आपली चित्रे हवी त्या उंचीवर लागत नाहीत म्हणून गेन्सबरो यांनी १७८४ मध्ये ती परत नेली आणि तिथे पुन्हा कधीच मांडली नाहीत. मांडणीचा निर्णय अंतिम, ही ओळ आज जवळजवळ प्रत्येक नियमावलीत असते.

प्रदर्शनाच्या उद्घाटनाला फ्रेंचमध्ये ‘व्हर्निसाज’ म्हणतात, म्हणजे वॉर्निश करणे. चित्रे भिंतीवर लागल्यावर चित्रकार शेवटचा हात फिरवत, त्या दिवसाचे हे नाव. १८३२ मध्ये अशाच दिवशी टर्नर यांनी आपल्या करड्या सागरचित्रात लाल रंगाचा एक ठिपका दिला, शेजारी कॉन्स्टेबल यांचे लालभडक चित्र होते म्हणून. आज ही मुभा सहसा नसते, त्यामुळे वॉर्निश घरीच उरकावे लागते, आणि घाई नडते ती इथेच. पातळ थराच्या तैलचित्राला सहा महिने, जाड थराला वर्ष किंवा जास्त द्यावे. आतला रंग मऊ असताना वॉर्निश चढवले तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा हलत राहतो आणि तडे जातात. वेळ नसेल तर हाताला सुकलेल्या रंगावर रिटच वॉर्निशचा, म्हणजे तात्पुरत्या पातळ वॉर्निशचा, एक हात पुरेसा.

टांगणीचे सामानही असेच अनुभवातून ठरत गेले. डोक्याला गोल कडी असलेले स्क्रू बाहेर येतात आणि एकावर एक टेकवून ठेवलेल्या चित्रांचा पृष्ठभाग ओरबाडतात, म्हणून चपट्या डी-रिंगा, म्हणजे इंग्रजी ‘डी’च्या आकाराच्या कड्या. त्या वरच्या कडेपासून उंचीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर लावाव्यात. खूप वर लावल्या तर तार चौकटीबाहेर डोकावते, खाली लावल्या तर चित्र पुढे झुकते. तार मधोमध वर ओढली की तिचा सर्वांत वरचा बिंदू वरच्या कडेच्या साधारण पाच सेंटिमीटर खाली यावे. दातेरी पट्टी खिळ्यावरून सहज घसरते.

परीक्षकांसमोर मूळ चित्राऐवजी आधी ३५ मिलिमीटरची स्लाइड जाऊ लागली. ती उलटी घातली जाऊ नये म्हणून कोपऱ्यात ठिपका द्यावा लागे. कोडॅकने २००४ मध्ये स्लाइड प्रोजेक्टर बनवणे थांबवले, आता फोटोची फाइल जाते. फोटो काढताना चित्रावरची काच काढावी, दोन दिवे ४५ अंशांत ठेवावेत, कॅमेरा कॅनव्हासला समांतर ठेवावा, नाहीतर आयताचा समलंब होतो. फोटोतून चौकट कापून टाकावी. रंग खुलवायचा मोह आवरावा: प्रत्यक्ष चित्र फोटोशी जुळले नाही तर निवड झालेले कामही परत येते.

किमतीत तर अनुभवी लोकही चुकतात. हातात ७,००० हवेत आणि संस्थेचा वाटा ३० टक्के असेल, तर ७,००० मध्ये ३० टक्के मिळवून ९,१०० लिहितात. हातात पडतात ६,३७०. ७,००० ला ०.७० ने भागायचे, म्हणजे किंमत १०,०००. पाठीवरच्या चिठ्ठीत आणि प्रवेशपत्रिकेत हाच आकडा हवा, कारण दोन्हींत फरक पडला तर विक्रीच्या टेबलावर बहुधा कमीचाच धरला जातो.