सील, समुद्रसिंह आणि सॅमन : ‘लक्षणीय’ या एका शब्दाची पार्श्वभूमी

मुंबईच्या हॉटेलांत ‘इंडियन सॅमन’ म्हणून जो मासा ताटात येतो तो आपला रावस असतो आणि खऱ्या सॅमनशी त्याचे कुळही जुळत नाही. मोठ्या दुकानांत बर्फावर मांडलेले केशरी तुकडे बहुधा नॉर्वेतल्या समुद्री पिंजऱ्यांत वाढवलेल्या माशांचे असतात. सील आणि त्याचा भाईबंद समुद्रसिंह सॅमन खातात, त्याचा परिणाम ‘लक्षणीय’ म्हणावा का आणि म्हणून त्यांना मारावे की मारू नये, हा अमेरिकेतला वाद ज्याच्यावरून झाला तो मासा या दोहोंहून वेगळा आहे. उत्तर पॅसिफिकचा रानटी सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत चढतो. आपल्याकडे पाला म्हणजेच हिल्सा असाच नदी चढून जातो, आणि १९७५ मध्ये फराक्का धरण सुरू झाल्यावर गंगेच्या वरच्या भागात तो जवळपास दिसेनासा झाला, हे मासेखाऊ वाचकाला वेगळे सांगायला नको.

अमेरिकेच्या वायव्येकडील कोलंबिया नदीत चिनूक जातीच्या सॅमनच्या मासेमारीने १८८३ साली उच्चांक गाठला, तो सुमारे ४.३ कोटी पौंडांचा. तोवर त्या नदीवर एकही मोठे धरण नव्हते, आणि सील व समुद्रसिंह पूर्वीपासूनच त्या किनाऱ्यावर होते. पुढे मासे घटू लागले तेव्हा दोष या प्राण्यांवर आला आणि त्यांच्या डोक्यावर इनाम लावले गेले; कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात ही इनामाची पद्धत १९१४ पासून १९६४ पर्यंत चालू होती. दरम्यान १९३८ मध्ये बॉनव्हिल आणि १९४२ मध्ये ग्रँड कूली ही धरणे पुरी झाली. दुसऱ्या धरणात माशांना वर चढायला वाटच ठेवलेली नसल्याने नदीचा वरचा सगळा भाग सॅमनला कायमचा बंद झाला.

आपला वन्यजीव संरक्षण कायदा ज्या वर्षी झाला त्याच वर्षी, म्हणजे १९७२ मध्ये, अमेरिकेने सागरी सस्तन प्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचा परिणाम झपाट्याने दिसला. कॅलिफोर्निया समुद्रसिंहांची संख्या १९७५ मध्ये सुमारे ८९ हजार होती, ती २०१२ मध्ये तीन लाखांवर गेली. संरक्षित प्राण्यामुळे होणारे नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न मच्छीमारांना नवा नाही. महाराष्ट्रात २०१८ च्या अखेरीस, जाळ्यात अडकलेला असा प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्याला कमाल २५ हजार रुपये भरपाई देण्याची योजना आली. अमेरिकेत मात्र प्रश्न भरपाईवर मिटण्यासारखा नव्हता, कारण तिथे खाल्ला जाणारा मासाही कायद्याने संरक्षित होत गेला.

पहिला खटका सिएटलच्या बॅलर्ड जलद्वारांपाशी उडाला. तिथल्या अरुंद वाटेवर समुद्रसिंह ठाण मांडून बसू लागले, आणि वर जाणाऱ्या स्टीलहेड या सॅमनच्याच कुळातल्या माशांची संख्या १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तीन हजारांच्या आसपास होती ती १९९४ पर्यंत शंभराच्याही खाली आली. फटाके उडवून झाले, प्राण्यांना उचलून कॅलिफोर्नियापर्यंत सोडून झाले, पण ते पोहत परत आले. शेवटी १९९६ मध्ये तिघांची रवानगी फ्लोरिडातल्या एका जलउद्यानात झाली. स्टीलहेड मात्र त्यानंतरही सावरले नाहीत, ही गोष्ट या इतिहासात फार कमी वेळा सांगितली जाते.

याच प्रकरणामुळे १९९४ मध्ये कायद्यात अपवादाचे कलम आले. त्यानुसार प्राणी मारायचा तर दोन अटी होत्या : तो प्राणी स्वतंत्रपणे ओळखता आला पाहिजे, आणि सॅमनच्या घटीवर वा पुनरुज्जीवनावर त्याचा ‘लक्षणीय प्रतिकूल परिणाम’ होत असला पाहिजे. पहिली अट अंगावर क्रमांक डागून भागवता आली. दुसरीने मात्र पंचवीस वर्षे वाद पुरवला, कारण ‘लक्षणीय’ म्हणजे किती, हे कायद्याने सांगितलेच नव्हते.

बॉनव्हिल धरण समुद्रापासून सुमारे २३५ किलोमीटर आत आहे, आणि त्याच्या पायथ्याशी माशांच्या शिडीचे, म्हणजे त्यांना धरण चढून जाता यावे म्हणून ठेवलेल्या वाटेचे, तोंड शोधत सॅमन घोटाळतात. २००० नंतर समुद्रसिंहांनी ही जागा हेरली. २००८ मध्ये त्यांना मारण्याची परवानगी मिळाली, प्राणिप्रेमी संस्था न्यायालयात गेल्या, आणि नोव्हेंबर २०१० मध्ये अपील न्यायालयाने ती परवानगी रद्द केली. न्यायालयाने प्राण्यांची बाजू घेतली असे तेव्हा म्हटले गेले, पण ते खरे नव्हे. त्याने फक्त हिशेब विचारला. धरणापाशी समुद्रसिंह दरवर्षी ०.४ ते ४.२ टक्के सॅमन खात होते आणि तो परिणाम लक्षणीय ठरवला गेला होता, तर परवानगी देणाऱ्या त्याच सरकारी यंत्रणेने आधी ५.५ ते १७ टक्के मासे घेणाऱ्या मासेमारीचा परिणाम किरकोळ मानला होता. चार टक्के लक्षणीय आणि सतरा टक्के किरकोळ कसे, याचा खुलासा कागदोपत्री कुठेच नव्हता.

२०१२ मध्ये परवानगी पुन्हा देताना तो खुलासा जोडण्यात आला. मासेमारीचा वाटा त्या वर्षी किती मासे आले ते पाहून कमी-जास्त करता येतो, समुद्रसिंहांचा करता येत नाही, असा त्याचा आशय होता. युक्तिवाद चुकीचा नाही. तरीही धरणाच्या भिंतीवर उभे राहून मोजता येणारा भक्षक पकडणे सोपे, आणि भिंत स्वतः किती मासे अडवते हा प्रश्न अवघड, हा फरक त्यात झाकला जातो असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

शब्दाचा वाद अखेर डिसेंबर २०१८ च्या दुरुस्तीने निकालात काढला, आणि तोही मोजमाप न करता. नदीच्या मुखापासून ११२ मैलांवरील खुणेपासून बॉनव्हिलच्याही वर असलेल्या मॅकनेरी धरणापर्यंतच्या पट्ट्यात जो समुद्रसिंह सापडेल तो ओळखलेला आहे आणि त्याचा परिणाम लक्षणीय आहे, असे कायद्यानेच गृहीत धरले. तिथे असणे हाच पुरावा ठरला. २०२० मध्ये पाच वर्षांसाठी कमाल ५४० कॅलिफोर्निया आणि १७६ स्टेलर समुद्रसिंह हटवण्याची परवानगी निघाली. यांतल्या स्टेलरचे पूर्वेकडील कळप २०१३ पर्यंत संकटग्रस्तांच्या यादीत होते.

सील मात्र या तरतुदीत येतच नाही, जरी बोलताना सर्रास त्याचेच नाव घेतले जाते. सिएटललगतच्या प्युजेट साउंड खाडीत सील आणि समुद्रसिंह मिळून १९७० मध्ये वर्षाला ६८ टन चिनूक खात होते आणि २०१५ मध्ये ६२५ टन, असा अंदाज २०१७ मध्ये मांडला गेला. साधे किनारी सील खातात ती मुख्यतः समुद्राकडे निघालेली बोटभर लांबीची पिल्ले, आणि ती सीलने खाल्ली नसती तर दुसऱ्या कोणी खाल्ली असती का, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पिल्ले जिथे खाल्ली जातात त्या खाडीत २०१८ ची तरतूद लागू नाही, आणि तिथल्या सीलला १९७२ चे संरक्षण आजही आहे.