ती ट्राय वेल्सची नव्हती

वेल्सचा रग्बीपटू गॅरेथ एडवर्ड्सची न्यूझीलंडविरुद्धची ती सुप्रसिद्ध ट्राय (म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणं) त्याने वेल्सकडून केली, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. घोळ का होतो, हे मात्र समजण्यासारखं आहे: सामना वेल्सच्या राजधानीत, कार्डिफमध्येच झाला, २७ जानेवारी १९७३ला.

पण चित्रफीत नीट बघा. अंगात वेल्सची लाल जर्सी नाही, काळे-पांढरे आडवे पट्टे आहेत आणि पायात ज्याच्या-त्याच्या क्लबचे मोजे. हा बार्बेरियन्स, म्हणजे निमंत्रितांचा संघ. फिल बेनेटने आपल्याच गोलरेषेजवळ एकामागून एक प्रतिस्पर्ध्यांना हुलकावण्या दिल्या, तिथून चेंडू सात जणांच्या हातांतून फिरला आणि शेवटी एडवर्ड्सने डाव्या कोपऱ्यात झेप घेतली. सातांपैकी सहा वेल्श. सातवा जॉन पुलिन, इंग्लंडचा. त्याचं नाव गाळणं मला अन्यायाचं वाटतं. बार्बेरियन्स २३-११ने जिंकले.

वेल्स मात्र त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी न्यूझीलंडकडून १६-१९ असा हरला होता. एडवर्ड्स १९६७ ते १९७८ सलग ५३ कसोटी सामने वेल्सकडून खेळला, पण त्या जर्सीत न्यूझीलंडला कधीच हरवू शकला नाही. १९७१मध्ये तिथे जाऊन मालिका जिंकली, तीही लायन्सकडून, म्हणजे ब्रिटन आणि आयर्लंडच्या एकत्रित संघाकडून.