महाविद्यालयीन प्राणिवर्तन प्रात्यक्षिके

पदवी स्तरावर प्राणिशास्त्र किंवा मानसशास्त्र शिकताना जिवंत प्राण्यांच्या हालचाली, प्रतिसाद व परस्परव्यवहार यांचे प्रयोगशाळेत वा क्षेत्रावर जे नियोजित निरीक्षण केले जाते, त्यास ही संज्ञा लावतात. विच्छेदनाच्या मेजावरचा प्राणी मेलेला असतो. येथील प्राणी जिवंत, बहुधा घाबरलेला आणि चावू शकणारा असतो. त्यामुळे विद्यार्थ्याची सुरक्षितता, प्राण्याचे कल्याण आणि नोंदींची विश्वसनीयता हे प्रश्न येथे वेगळे काढता येत नाहीत. धसमुसळेपणाने पकडलेला उंदीर चावतो, आणि त्यानंतर चक्रव्यूहात (वाटा शोधण्याच्या भूलभुलैयात) तो जे करतो त्यावरून त्याच्या शिकण्याविषयी फारसे काही सांगता येत नाही.

या प्रात्यक्षिकांच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार त्यांचे मूळ अमेरिकेतील तौलनिक मानसशास्त्रात, म्हणजे निरनिराळ्या प्राण्यांच्या वर्तनाची तुलना करणाऱ्या शाखेत, आहे. क्लार्क विद्यापीठातील लायनस क्लाइन यांनी १८९९ मध्ये अशा अभ्यासक्रमाचा आराखडा प्रसिद्ध केला, आणि त्यानंतर दोनएक वर्षांत त्याच विद्यापीठात विलर्ड स्मॉल यांनी इंग्लंडमधील हॅम्प्टन कोर्टच्या भूलभुलैयावरून पांढऱ्या उंदरांसाठी चक्रव्यूह बनवला. दुसऱ्या मतानुसार खरा प्रारंभ नेदरलँड्समधील लायडन येथे, साधारणपणे १९३० च्या दशकात, प्राणिवर्तनशास्त्रज्ञ निको टिनबर्गेन यांच्या विद्यार्थ्यांनी काचेच्या टाक्यांतील तीनकाटी स्टिकलबॅक माशांवर केलेल्या निरीक्षणांनी झाला. विणीच्या काळात या माशाच्या नराचे पोट लाल होते व तो इतर नरांना हुसकावतो. खिडकीबाहेरून लाल टपालगाडी गेली तरी टाक्यांतील नर तिच्या दिशेने धावत, ही टिनबर्गेन यांनी सांगितलेली आठवण पुढे बरीच प्रसिद्ध झाली. टाकीत सोडलेल्या बनावट माशांपैकी लाल प्रतिकृतीवरच अधिक हल्ला होतो, हा निष्कर्ष मात्र नंतरच्या सर्व प्रयोगांत तितक्याच ठळकपणे मिळालेला नाही, आणि शिकवताना ही बाब सहसा गाळली जाते. अभ्यासक्रम म्हणून क्लाइन यांचा अग्रहक्क मान्य करावा लागतो. तथापि आजच्या प्रात्यक्षिकांची घडण, विशेषतः ढवळाढवळ करण्याआधी पाहण्याचा आग्रह, लायडनला अधिक जवळची आहे. टिनबर्गेन यांना कोनराड लोरेन्ट्स व कार्ल फोन फ्रिश यांच्यासह १९७३ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये विच्छेदन कमी करण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या व २०१४ मध्ये त्या अधिक कडक केल्या. प्राणी न मारता करता येण्याजोगा अभ्यास म्हणून वर्तनाच्या प्रात्यक्षिकांचे महत्त्व त्यानंतर वाढले, असे मानण्यास जागा आहे. आयोगाच्या श्रेयांक पद्धतीतील ‘प्राणिवर्तन व कालजीवशास्त्र’ (सजीवांतील दैनिक व इतर कालचक्रांचा अभ्यास) या ऐच्छिक विषयात पक्षी व सामाजिक कीटकांची घरटी, गांडुळाचा गुरुत्वाला प्रतिसाद, कीटकांच्या अळ्यांचा प्रकाशाला प्रतिसाद आणि हालचालींचा दैनिक आलेख यांबरोबर ‘वुडलाउस’ची आर्द्रतानिवडही आहे.

वुडलाउस म्हणजे कुंडीखाली वा ओल्या पालापाचोळ्यात आढळणारा आयसोपॉड गटातील कवचधारी प्राणी. त्याचा हा प्रयोग ब्रिटिश परंपरेतून आलेला असून दिसतो त्यापेक्षा अवघड आहे. झाकणाच्या पेटीचे तळाशी दोन भाग करून एकात ओला कापूस व दुसऱ्यात ओलावा शोषणारे सिलिका जेल ठेवतात, वर जाळी ताणतात, जाळीवर दहा प्राणी सोडतात आणि दर मिनिटाला कोणत्या बाजूस किती आहेत ते मोजतात. बहुतेक प्राणी अखेरीस ओल्या बाजूस जमतात, व जर्नलमध्ये (प्रात्यक्षिकाच्या वहीत) ‘प्राणी ओलाव्याकडे आकर्षित होतो’ असा निष्कर्ष उतरवला जातो. तो चुकीचा असू शकतो. गन, केनेडी व पायलू या संशोधकांनी १९३७ मध्ये केलेल्या वर्गीकरणानुसार उद्दीपनाच्या दिशेने वा तिच्या विरुद्ध होणारी हालचाल म्हणजे टॅक्सिस (अनुचलन), तर दिशेशी संबंध नसलेला पण वेग वा वळण्याचे प्रमाण बदलणारा प्रतिसाद म्हणजे कायनेसिस. कोरड्या हवेत हा प्राणी भरभर चालतो, दमट हवेत मंदावतो किंवा थांबतो. केवळ एवढ्यानेही सारे प्राणी ओल्या बाजूस साचतात. म्हणून डोकी मोजण्याऐवजी एकाच प्राण्याचा माग काचेवर पेनने काढून दर अर्ध्या मिनिटातील अंतर व वळणे मोजणे अधिक उचित होय. प्राणी एकमेकांना व भिंतीला चिकटून बसतात आणि उजेड टाळतात; त्यामुळे पेटीवर एकसारखा प्रकाश नसेल तर आर्द्रतेचा म्हणून नोंदवलेला परिणाम खिडकीचाच निघतो.

याच पेटीत एक दुर्लक्षित धोका आहे. ओलावा शोषल्यावर निळ्याचे गुलाबी होणारे सिलिका जेलचे दाणे कोबाल्ट क्लोराइडने रंगवलेले असतात, व हा क्षार युरोपात कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे. नारिंगी दाणे वापरावेत. निळेच उपलब्ध असल्यास ते हातमोजे घालून, धूळ न उडवता हाताळावेत.

नोंदींच्या पद्धतीबाबत प्राणिवर्तनाच्या अभ्यासक जीन ऑल्टमन यांचा १९७४ चा लेख प्रमाण मानला जातो. प्रथम वर्तनालेख, म्हणजे वर्तनप्रकारांची व्याख्यांसह यादी, करून मग ठराविक वेळी किंवा एकाच प्राण्यावर लक्ष ठेवून नोंदी घेतात.

कायद्याच्या दृष्टीने प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० मध्ये माणसाखेरीज प्रत्येक सजीव प्राणी येतो. त्यातील १७ वे कलम महाविद्यालयांचा नामोल्लेख करून, पुस्तके, नमुने वा चित्रपट यांनी काम भागत असेल तर प्रयोग टाळावेत असे सुचवते. उंदरांवरील प्रयोगांसाठी १९९८ च्या नियमांनुसार संस्थेची नोंदणी व प्राणिनैतिकता समितीची मान्यता लागते. फळमाशी व गांडूळ यांना प्राधान्य मिळण्यामागे हेही एक कारण असावे. फळमाश्या गुंगवण्यासाठी पूर्वी सर्रास वापरले जाणारे ईथर अत्यंत ज्वालाग्राही आहे. त्याऐवजी बर्फावरची थंड काच बहुतेक वेळा पुरते. मत्स्यटाकीत हात घालण्यापूर्वी हीटरचा प्लग काढावा, आणि हाताला जखम असल्यास पाण्याचे काम दुसऱ्याकडे द्यावे, कारण टाकीतील मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जीवाणू त्वचेत शिरून चिवट गाठी निर्माण करतो. उंदराच्या मूत्रातील प्रथिनांची ॲलर्जी काहींना महिनोन्‌महिने काम केल्यानंतर जडते.

क्षेत्रकार्यातील धोके वेगळे आहेत. आग्या मोहोळाच्या माशीने डंख केल्यावर पसरणाऱ्या इशारागंधाला पिकलेल्या केळ्यासारखा वास येतो, आणि त्या वासाने इतर माश्या चवताळतात. अशा वेळी झटकत उभे न राहता दूर पळावे व रुतलेली नांगी लगेच काढावी. कुत्रा किंवा माकड चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. सिंधुदुर्गातील दोडामार्ग परिसरात २०१६ पासून आढळणारा माकडताप हा विषाणुजन्य रोग गोचिडांमार्फत पसरतो. त्याचा जोर साधारणतः डिसेंबर ते मे या कोरड्या काळात असतो, म्हणजे महाविद्यालयांच्या सहलींच्याच दिवसांत. तेथे माकड मरून पडलेले दिसल्यास जवळ न जाता आरोग्य केंद्रास कळवावे.

घरट्यांच्या प्रात्यक्षिकासाठी विणीचा हंगाम संपल्यावर गळून पडलेली घरटीच वापरतात. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हे शिकारीच्या व्याख्येत येते, त्यामुळे बाभळीवर लोंबणारे सुगरणीचे नांदते घरटे दुर्बिणीतून पाहूनच त्याचे रेखाटन करावे लागते.