ट्रेलर नसलेल्या घोड्याचा ब्रेक खरंच फेल झाला होता का?

अमेरिकेत ट्रकचं लायसन्स काढायला जे मॅन्युअल वाचावं लागतं त्यात एक वाक्य आहे, की ट्रेलर न जोडलेला नुसता घोडा, म्हणजे ट्रेलर ओढणारा इंजिन-केबिनवाला पुढचा भाग, थांबायला फुल लोड भरलेल्या ट्रेलरवाल्या ट्रकपेक्षा जास्त अंतर घेतो. म्हणजे आठ-नऊ टनांची गाडी ३६ टनांच्या गाडीपेक्षा उशिरा थांबणार! तिकडे या नुसत्या घोड्याला बॉबटेल म्हणतात, आणि बॉबटेल कुणाला मागून जाऊन धडकला आणि ड्रायव्हर म्हणाला की ब्रेक मारला पण लागलाच नाही, तर तपास करणाऱ्याला हे वाक्य डोक्यात ठेवूनच कामाला लागावं लागतं. कारण तो माणूस खोटं बोलत नसेल आणि तरी ब्रेक धडधाकट असतील, असं होऊ शकतं.

शाळेत शिकलेलं भौतिकशास्त्र सांगतं की घर्षण वजनाच्या प्रमाणात असतं, त्यामुळे जड काय हलकी काय, दोन्ही गाड्या सारख्याच अंतरात थांबायला पाहिजेत. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली असते, प्रत्येक चाकाला त्याच्यावरच्या वजनाएवढाच ब्रेक लागतोय. घोड्याचे मागचे दोन अ‍ॅक्सल मिळून ३४,००० पौंड, म्हणजे १५ टनांच्या वर वजन पेलायला बनवलेले असतात, ब्रेकही त्याच हिशोबाचे आणि सस्पेन्शनही त्याच हिशोबाचं कडक. ट्रेलर काढला की तिथे उरतात जेमतेम तीन-चार टन. त्यात ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं ते वेगळंच. एकट्याने बाईक चालवताना नुसता मागचा ब्रेक दाबला की चाक कसं घसरतं, तसं मागचं चाक लॉक होऊन फरफटत जातं, किंवा एबीएस असेल तर ते चाक लॉक होऊ नये म्हणून ब्रेक पुन्हा पुन्हा सोडतं, आणि कडक सस्पेन्शनमुळे मागचा भाग उड्या मारतो तेव्हा तर टायर धड रस्त्यावरच नसतो. पायाला वाटतं ब्रेक गेला. गेलेली असते ती पकड.

ट्रकचे ब्रेक हवेच्या प्रेशरवर चालतात, म्हणून यावर उपाय म्हणून बऱ्याच घोड्यांमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, ट्रेलरच्या लाइनमध्ये हवा नाही हे ओळखून तो मागच्या ब्रेकला जाणारं प्रेशर कमी करतो. तो बिघडला तर दोन्ही बाजूंनी त्रास, ट्रेलर नसताना पूर्ण प्रेशर जाईल नाहीतर ट्रेलर असताना अर्धवट. म्हणून तपासात हा व्हॉल्व्ह आधी बघावा असं माझं मत. आणि गाडी कुठल्या सालची तेही बघायला पाहिजे. ट्रॅक्टरना, म्हणजे या घोड्यांना, एबीएस १९९७ पासून सक्तीचं झालं, आणि २००९ च्या नियमाने ताशी ६० मैलांवरून थांबायचं अंतर बहुतेक लोडेड गाड्यांना ३५५ फुटांवरून २५० वर आणलं आणि नुसत्या घोड्याला ३३५ वरून २३५ वर. म्हणजे नव्या गाडीत रिकामा घोडा उलट लवकर थांबायला पाहिजे, मॅन्युअलमधलं वाक्य आहे जुन्या गाड्यांच्या टेस्टवरचं.

आता खरंच काही बिघडलं होतं का? पहिला संशय हवेवर जातो पण तो बहुतेक वेळा टिकत नाही. पार्किंग ब्रेक स्प्रिंगचा असतो आणि हवा त्याला दाबून ठेवते, त्यामुळे टाकीतलं प्रेशर २० ते ४५ पीएसआयच्या (दर चौरस इंचाला पौंड) दरम्यान उतरलं की तो आपोआप लागतो, त्याच्या आधी ६० च्या आसपास वॉर्निंग वाजते. हवा संपलेला घोडा सुसाट सुटत नाही, जागेवर अडकतो. तापून ब्रेक ढिले पडले असंही म्हणतात, पण बॉबटेलची ऊर्जा त्याच वेगाच्या लोडेड ट्रकच्या पावपट सुद्धा नसते आणि ती दहाऐवजी सहा ब्रेकमध्ये वाटली तरी प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम ४० टक्के येते. ब्रेकच्या ड्रमवर निळसर डाग, बारीक तडे सापडले तर ते आधी कधीतरी लोड घेऊन घाट उतरताना पडलेले असण्याची शक्यता जास्त.

मग उरतो स्लॅक अ‍ॅडजस्टर, म्हणजे ब्रेकची ढील काढणारा भाग, आणि खरी गंमत इथे आहे. लायनर झिजलं की पुशरॉडला, म्हणजे हवेने ढकलल्या जाणाऱ्या दांड्याला, जास्त बाहेर यावं लागतं, नेहमीच्या टाइप ३० चेंबरला (हवेचा डबा) ही मर्यादा २ इंच, त्याच्या पुढे गेलं की जोर झपाट्याने कमी होतो. ही मापं इंजिन बंद ठेवून, ९० ते १०० पीएसआयला ब्रेक दाबून घेतात. पण ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर ब्रेक मारता मारताच स्वतःला आवळून घेतो, त्यामुळे अपघातानंतर कुणी उत्साहाने चार-पाच वेळा पेडल दाबून 'बघा लागतोय की' म्हटलं, की पुरावा गेला! मिस्त्रीने पान्याने आवळलं तर अजून वाईट. २००३ साली पेनसिल्व्हेनियात ग्लेन रॉकला एक डंपर उतारावर थांबलाच नाही आणि चार गाड्यांवर गेला, तेव्हा अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने मेकॅनिकांनी ब्रेकचं मूळ दुखणंच ओळखलं नाही हेही कारणांत धरलं होतं. ऑटोमॅटिक अ‍ॅडजस्टर हाताने आवळला की मूळ बिघाड झाकला जातो, थोड्या दिवसांनी तो परत ढिला.

इंजिनच्या कॉम्प्युटरमधल्या वेगाच्या नोंदीवर लोकांचा फार विश्वास असतो, बॉबटेलच्या बाबतीत तो जरा जपून ठेवावा. बऱ्याच ट्रकमध्ये वेग मोजला जातो गिअरबॉक्सच्या मागच्या शाफ्टवर, म्हणजे मागच्या चाकांचा वेग. ती लॉक झाली की कॉम्प्युटर शून्य लिहितो आणि गाडी मात्र अजून घसरत असते. ग्राफमध्ये एका सेकंदात ताशी ५० किलोमीटरने वेग पडलेला दिसला तर तो टायरने केलेला असणं शक्य नाही, ट्रकच्या टायरला कोरड्या डांबरावर सेकंदाला २५ पण मुश्किलीने जमतात. ब्रेक दाबल्याची नोंद सुद्धा फक्त लाइनमध्ये प्रेशर आलं एवढंच सांगते, ड्रमवर काय झालं ते नाही.

आणि समजा एक ब्रेक खराब सापडला. तिकडे तपासणीत २० टक्के किंवा जास्त ब्रेक खराब असतील तर गाडी जागेवर थांबवतात, सहांपैकी मागचा एक म्हणजे साडेसोळाच्या आसपास, तेवढ्यावर थांबवणार नाहीत. पण पुढच्या चाकाचा ब्रेक कामच करत नसेल तर तो एकटाच पुरतो. हे बॉबटेलला तर फारच लागू आहे, कारण लोडेड गाडीत पुढच्या अ‍ॅक्सलवर एकूण वजनाचा सहावा-सातवा हिस्सा असतो आणि नुसत्या घोड्यात अर्ध्याहून जास्त. जुन्या ड्रायव्हरांना मात्र पुढचा ब्रेक म्हणजे स्टिअरिंग हातातून जाणार अशीच भीती, आणि जुलै १९८० च्या आधीच्या तीन अ‍ॅक्सलच्या ट्रकना तर नियमाने पुढचे ब्रेक नसले तरी चालायचे. त्यामुळे रिपोर्टमध्ये नुसतं 'एक ब्रेक खराब' लिहून काहीच कळत नाही. मागचा खराब असेल तर त्याने फार तर काही फुटांचा फरक पडला असेल, पुढचा असेल तर ड्रायव्हर म्हणतोय ते बरंचसं खरं आहे.