डासाचे बारा दिवस आणि हैतीचं स्वातंत्र्य

नेपोलियनच्या फौजेला हैतीत डासांनी हरवलं, असं विधान इतिहासातल्या नवलकथांच्या यादीत हमखास सापडतं. ते वाचलं की मला दरवेळी वाईट वाटतं. डासांचा त्यात मोठा वाटा होता, हे खरंच आहे. पण जगातला गुलामांचा एकमेव पूर्ण यशस्वी उठाव एका कीटकाच्या नावावर जमा करून टाकायचा, आणि तोही तो कीटक नेमकं काय करतो हे न सांगता, हे दोन्ही बाजूंनी अन्यायाचं आहे. इतिहासावर अन्याय आणि डासावरही.

पार्श्वभूमी थोडक्यात. कॅरिबियन समुद्रातली सँ-दोमँग, म्हणजे आजचं हैती, ही फ्रान्सची सर्वांत श्रीमंत वसाहत. युरोपात खपणाऱ्या साखरेपैकी सुमारे ४० टक्के साखर अठराव्या शतकाच्या अखेरीस या एका वसाहतीतून जायची. ती पिकवणारे जवळजवळ पाच लाख गुलाम होते, बहुतेक आफ्रिकेतून जहाजांत कोंबून आणलेले. ऑगस्ट १७९१ मध्ये त्यांनी बंड केलं. फेब्रुवारी १७९४ मध्ये क्रांतिकारी फ्रान्सने गुलामगिरी रद्द केली आणि एकेकाळी स्वतः गुलाम असलेला तुसाँ लूव्हेर्त्युर तिथला सर्वेसर्वा झाला. नेपोलियनला हे खपलं नाही. १८०१ च्या अखेरीस त्याने आपला मेव्हणा, जनरल लक्लेर याला मोठं आरमार देऊन पाठवलं. फेब्रुवारी १८०२ मध्ये फौजा उतरल्या. नोव्हेंबरात लक्लेर पीतज्वराने (यलो फीव्हरने) मेला होता आणि त्याच्या फौजेतले बहुसंख्य सैनिकही.

आता पीतज्वराकडे वळू. हा विषाणूजन्य आजार. वाहक एडिस इजिप्ती, म्हणजे डेंग्यू पसरवणारी तीच पट्टेरी पायांची मादी. डास आणि विषाणू दोघंही अमेरिका खंडातले नाहीत. गुलामांच्या जहाजांबरोबर ते आफ्रिकेतून आले. जहाजावरच्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपांत ही मादी सुखाने अंडी घालते. किनाऱ्यावर तर तिला याहून सोयीची जागा मिळाली. साखरेतली काकवी निथळण्यासाठी मळ्यांवर मातीची हजारो भांडी लागत. वापरात नसलेल्या किंवा फुटक्या भांड्यांत पावसाचं पाणी साचायचं. एडिसला तळं लागत नाही, डबकंही लागत नाही. माणसाच्या घराजवळचं वाटीभर स्वच्छ पाणी पुरतं. तिची अंडी कोरडी पडून महिनोन्महिने तग धरतात आणि पाऊस आला की उबतात.

माझ्या मते या साऱ्या कथेचा गाभा पुढच्या टप्प्यात आहे. मादीने आजारी माणसाला चावा घेतला की ती लगेच रोग पसरवू लागत नाही. रक्ताबरोबर विषाणू तिच्या आतड्यात जातो. तिथल्या पेशींत शिरून तो स्वतःच्या प्रती काढतो, आतड्याची भिंत ओलांडून शरीरातल्या द्रवात उतरतो आणि शेवटी लाळग्रंथींपर्यंत पोचतो. पुढचा चावा घेताना ती लाळ सोडते तेव्हाच विषाणू नव्या माणसात जातो. या प्रवासाला साधारण बारा दिवस लागतात. हवा तापलेली असेल तर आठवडाभरात काम होतं, गारवा असेल तर अडीच-तीन आठवडेही जातात. दुसऱ्या बाजूला, आजारी माणसाच्या रक्तात विषाणू भरपूर असतो तो पहिल्या तीन-चार दिवसांतच. म्हणजे साखळी टिकायला डासाने त्या मोजक्या दिवसांत चावा घ्यायला हवा, पुढचे बारा दिवस जगायला हवं, आणि मग पूर्वी कधीच पीतज्वर न झालेला माणूस गाठायला हवा.

थोडं गणित करू. समजा रोज दहापैकी नऊ डास दुसऱ्या दिवसापर्यंत जगतात. मग बारा दिवसांनी शंभरातले ०.९ चा बारावा घात गुणिले शंभर, म्हणजे सुमारे २८ उरतात. विषाणूचा प्रवास आठ दिवसांत आटोपला तर ४३ उरतात. अठरा दिवस लागले तर फक्त १५. डासांची संख्या तीच, चावेही तेवढेच, पण तापमान थोडं बदललं की रोग पसरवू शकणारे डास तिप्पट होतात किंवा एक तृतीयांशावर येतात. साथ हळूहळू न चढता एकदम उसळते, त्याचं एक मोठं कारण या घातांकात आहे.

हाच विलंब क्युबातले डॉक्टर कार्लोस फिनले यांना भोवला. पीतज्वर डासांमुळे होतो हे त्यांनी १८८१ मध्येच मांडलं होतं. पण त्यांच्या प्रयोगांत डास रुग्णाला चावल्यावर फार लवकर निरोगी माणसावर सोडले जात, त्यामुळे निर्विवाद पुरावा हाती येईना. १९०० मध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर वॉल्टर रीड यांच्या पथकातले जेम्स कॅरोल यांनी स्वतःला चावून घेतलेला डास बारा दिवसांपूर्वी रुग्णाला चावलेला होता. ते मरणाच्या दारात जाऊन परतले. त्यांचे सहकारी जेसी लेझीर मात्र दगावले. त्याच प्रयोगमालेत काही स्वयंसेवक पीतज्वराच्या रुग्णांच्या घाणीने माखलेल्या चादरींवर वीस-वीस रात्री झोपले आणि ठणठणीत राहिले. दूषित हवा, दुर्गंधी, मेलेल्यांचे कपडे यांवर शतकभर जो विश्वास होता तो तिथे संपला. त्या विश्वासापायी लोकांनी शहरभर बंदुका झाडून हवा शुद्ध करायचा प्रयत्न केला होता, कपडे जाळले होते, आणि नामवंत डॉक्टरांनी रुग्णांच्या नसा कापून वाट्याच्या वाट्या रक्त काढलं होतं.

आता हे वेळापत्रक १८०२ वर ठेवून पाहा. लक्लेर उतरला कोरड्या दिवसांत. डास कमी, रोग तुरळक. तुसाँला पुढे काय होणार हे माहीत होतं. विषाणू कुणालाच ठाऊक नव्हता, पण पावसाळ्यात युरोपीय फौजा कशा गळतात हे त्याने १७९४ ते १७९८ या काळात ब्रिटिशांशी लढताना पाहिलं होतं. फेब्रुवारीतच त्याने आपला सेनापती देसालीन याला लिहिलं की पाऊस शत्रूचा निकाल लावेपर्यंत आपली शस्त्रं आग आणि विध्वंस हीच. किनाऱ्यावरची शहरं जाळायची, डोंगरात हटायचं, लढाई लांबवायची. मे उजाडता उजाडता ताप सुरू झाला. लक्लेर नव्या कुमकेसाठी पॅरिसला पत्रांमागून पत्रं लिहीत होता, आणि येणारं प्रत्येक जहाज म्हणजे विझू पाहणाऱ्या आगीत टाकलेला सुक्या लाकडांचा नवा भारा होता. एकदा पीतज्वर होऊन वाचलेल्या माणसाला तो सहसा आयुष्यभर पुन्हा होत नाही. त्यामुळे रोगप्रतिकार असलेल्यांची संख्या वाढली की साथ आपोआप ओसरायला हवी. कुमकेने ती ओसरू दिली नाही.

इथे एक जुनी, हट्टी समजूत खोडायलाच हवी. आफ्रिकी वंशाच्या लोकांना हा रोग होतच नाही, असं तेव्हाचे विद्वान ठामपणे सांगत. १७९३ मध्ये फिलाडेल्फियात साथ आली तेव्हा बेंजामिन रश या प्रख्यात डॉक्टरने याच समजुतीवर कृष्णवर्णीयांना रुग्णसेवेसाठी पुढे यायला सांगितलं. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन यांच्या नेतृत्वाखाली ते आलेही. आणि त्यांच्यातलेही अनेक जण मेले. सँ-दोमँगमधल्या पुष्कळांना संरक्षण होतं, पण त्याला कातडीचा रंग हे कारण नव्हतं. आफ्रिकेत किंवा त्याच बेटावर लहानपणी हा रोग सौम्य रूपात होऊन गेलेला असणं, हे त्याचं मुख्य कारण होतं. तिथेच वाढलेल्या गोऱ्या माणसालाही तेच संरक्षण मिळायचं.

तरीही डास पुरेसा होता का? मे १८०२ मध्ये तुसाँने शस्त्रं खाली ठेवली होती. जूनमध्ये त्याला दगाबाजीने पकडून फ्रान्सला नेलं. देसालीन आणि तुसाँचा दुसरा सेनापती क्रिस्तोफ तर उन्हाळाभर फ्रेंचांच्या बाजूने होते. त्या महिन्यांत युद्ध जिवंत ठेवलं ते डोंगरातल्या छोट्या टोळ्यांनी, ज्यांचे म्होरके इतिहासात जेमतेम नावापुरते उरले आहेत. फ्रेंच इतर वसाहतींत गुलामगिरी परत आणत असल्याच्या बातम्या आल्या आणि ऑक्टोबरात सेनापतीही बंडाकडे वळले. १८ नोव्हेंबर १८०३ रोजी व्हर्तिएरची निर्णायक लढाई त्यांनी समोरासमोर लढून जिंकली. १ जानेवारी १८०४ ला स्वतंत्र हैती जाहीर झालं. त्याआधीच, एप्रिल १८०३ मध्ये, नेपोलियनने उत्तर अमेरिकेतल्या लुइझियानाचा सुमारे २१ लाख चौरस किलोमीटरचा मुलूख दीड कोटी डॉलरला अमेरिकेला विकून टाकला होता. सँ-दोमँगची धान्य-लाकडाची गरज भागवणारा प्रदेश म्हणून तो त्याला हवा होता. साखरेचं बेट हातचं जात असताना आणि ब्रिटनशी पुन्हा युद्ध तोंडावर असताना त्याचा उपयोग उरला नाही.

निसर्गाने तुलनेसाठी दुसरं बेटही समोर ठेवलं आहे. ग्वादलुप या कॅरिबियनमधल्याच दुसऱ्या फ्रेंच वसाहतीत १८०२ मध्ये जनरल रिशपाँस असाच फौज घेऊन उतरला. डास तोच, विषाणू तोच, आणि सप्टेंबरात रिशपाँसही पीतज्वरानेच मेला. पण तिथे बंडाचा नेता लुई देलग्रेस मेच्या अखेरीस मातुबा इथे घेरला गेला होता आणि शरण जाण्याऐवजी त्याने साथीदारांसह स्वतःला सुरुंगाने उडवून दिलं होतं. ताप भरात येण्याआधीच संघटित प्रतिकार चिरडला गेला. ग्वादलुपमधली गुलामगिरी त्यानंतर थेट १८४८ मध्ये संपली.