रक्तवाहिन्यांचे अस्तर आणि स्त्रियांमधील स्थूलता

लसूण, आले, लिंबू आणि सफरचंदाचे व्हिनेगर एकत्र उकळून घेतल्यास हृदयातील ‘ब्लॉकेज’ विरघळतात, असा संदेश समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. रक्तवाहिनी म्हणजे गाळ साचलेला नळ आणि काढ्याने तो धुऊन निघतो, ही समजूत त्यामागे असते. प्रत्यक्षात रक्तवाहिनी ही गरजेनुसार रुंदावणारी आणि आकुंचन पावणारी जिवंत रचना आहे. मेदही तिच्या भिंतीच्या आत साचतो, त्यामुळे तिथे धुण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

प्रत्येक रक्तवाहिनीला आतून पेशींच्या एकाच थराचे अस्तर असते. शास्त्रज्ञ त्याला एंडोथेलियम म्हणतात. अमेरिकी औषधशास्त्रज्ञ रॉबर्ट फर्चगॉट यांनी 1980 मध्ये सशाच्या महारोहिणीच्या (हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या सर्वांत मोठ्या रक्तवाहिनीच्या) तुकड्यांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की अॅसिटिलकोलीन हे द्रव्य रोहिणीला शिथिल करते ते अस्तर शाबूत असेल तरच. ते खरवडले गेले असेल, तर रोहिणी शिथिल होतच नाही. म्हणजे शिथिल होण्याचा निरोप अस्तरातून निघतो. हा निरोप नायट्रिक ऑक्साइड या साध्या वायूचा असल्याचे पुढे सिद्ध झाले आणि 1998 चे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिड मुराद यांना मिळाले. छातीत दुखू लागल्यावर जिभेखाली ठेवण्याची सॉर्बिट्रेटची गोळीसुद्धा शरीरात हाच वायू उपलब्ध करून देते.

व्यायामाचा संबंध इथेच येतो. आपण भरभर चालू लागलो, की रक्तप्रवाह वाढतो आणि वाहत्या रक्ताचे अस्तरावरील घर्षण वाढते. अस्तरपेशींना हे घर्षण जाणवते; त्यातून सुरू होणाऱ्या रासायनिक साखळीमुळे नायट्रिक ऑक्साइड सिंथेज हे विकर (एन्झाइम) कार्यान्वित होते आणि आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार करू लागते. काही सेकंदच टिकणारा हा वायू लगतच्या अनैच्छिक स्नायूपेशींत शिरून सायक्लिक जीएमपी या संदेशक रेणूचे प्रमाण वाढवतो, त्यामुळे त्या पेशींतील कॅल्शियम कमी होते, स्नायू सैल पडतो आणि रोहिणी रुंदावते. घर्षण नियमितपणे होत राहिले, तर पेशी हे विकरच अधिक प्रमाणात बनवू लागतात. म्हणूनच वजनकाटा जागचा हलला नसतानाही व्यायामाचा लाभ रोहिण्यांना मिळू शकतो. तो मोजताही येतो: हातावर पट्टा आवळून 5 मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा, मग पट्टा सोडून दंडातील रोहिणी किती रुंदावते हे सोनोग्राफीने पाहायचे.

स्थूलतेत ही साखळी अनेक ठिकाणी तुटते. पोटातील अतिरिक्त मेद दाह वाढवणारी द्रव्ये सोडतो, मेदपेशींतून स्रवणाऱ्या अॅडिपोनेक्टिन या संरक्षक संप्रेरकाचे प्रमाण घटते, आणि वाढलेले सुपरऑक्साइडचे (ऑक्सिजनच्या अतिक्रियाशील रूपाचे) रेणू नायट्रिक ऑक्साइडला कामाआधीच नष्ट करतात. एरवी इन्सुलिनही त्याच विकराला चालना देते. इन्सुलिनला प्रतिरोध निर्माण झाला, की तीही मंदावते. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेचा घेर 80 सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानली जाते, ती या पोटातील मेदामुळेच.

इटलीतील नेपल्स येथे रजोनिवृत्तीपूर्व वयाच्या 120 स्थूल स्त्रियांवर दोन वर्षे झालेल्या आणि 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या स्त्रियांना कमी उष्मांकाचा भूमध्यसागरीय आहार व अधिक हालचाल यांचे तपशीलवार मार्गदर्शन देण्यात आले, तर उरलेल्यांना सर्वसाधारण माहिती. पहिल्या गटात वजन अधिक घटले, रक्तातील सी-रिअॅक्टिव्ह प्रथिनासारखे दाहाचे निदर्शक कमी झाले आणि अॅडिपोनेक्टिन वाढले. मात्र आहार व व्यायाम एकत्रच दिल्यामुळे कोणाचा वाटा किती, हे या चाचणीवरून वेगळे काढता येत नाही.

रजोनिवृत्तीनंतर चित्र गुंतागुंतीचे होते. इस्ट्रोजेन हे संप्रेरक त्याच विकराला बळ देत असते. ते घटले, की निव्वळ सहनशक्तीच्या व्यायामाने अस्तराला होणारा लाभ पुरुषांइतका खात्रीचा राहत नाही. याचा अर्थ चालणे सोडावे असा मुळीच नाही. रक्तदाब, साखर आणि स्नायूंसाठी ते उपयुक्तच आहे. परंतु या वयात आहाराकडे दुर्लक्ष करून केवळ चालण्यावर विसंबणे मला पटत नाही. रोजचे मीठ 5 ग्रॅमच्या आत ठेवण्याची जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पापड-लोणच्यासकट मोजायची असते, हे आपल्याकडे सोयीस्करपणे विसरले जाते.

पालक आणि बीट यांतील नायट्रेटपासूनही शरीर नायट्रिक ऑक्साइड मिळवते आणि या मार्गाला अस्तरातील विकर लागत नाही. त्याची पहिली पायरी जिभेवरील जिवाणू पार पाडतात. दिवसातून दोनदा जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या केल्या, तर हे जिवाणू कमी होतात आणि पालकाचा हा फायदा बराचसा वाया जातो.