पहिला खर्रा किती वाजता?

परवा शेजारच्या काकांचा दवाखान्याचा कागद पाहिला. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन, सगळं आकड्यांत. तंबाखूपुढे मात्र एकच शब्द, ‘आहे’. काका दिवसाला सात-आठ पुड्या खर्रा, म्हणजे सुपारी-चुना घालून घोटलेली तंबाखू, खातात. पोळ्याला हौसेनं एखादी पुडी खाणाऱ्याच्या कागदावरही हेच ‘आहे’ लिहिलं गेलं असतं.

सवय आणि अवलंबित्व यांत फरक आहे. अवलंबित्व हा आजार आहे आणि आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत त्याला एफ १७.२ असा क्रमांक आहे. ते किती तीव्र आहे हे मोजणारी फॅगरस्ट्रॉम चाचणी मूळ सिगारेटसाठी असली, तरी खाण्याच्या तंबाखूसाठीही ती बदलून घेतली आहे. आपल्याकडे तीच हवी, कारण २०१६-१७ च्या सर्वेक्षणात महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे होते, तर न ओढता तंबाखू घेणारे २४.४ टक्के. ‘विडी ओढता का?’ विचारलं, तर खर्रा खाणारा खरंच सांगेल, ‘नाही जी’.

या चाचणीतला एक प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. झोपेतून उठल्यावर पहिली तंबाखू किती वेळाने? पाच मिनिटांत असेल तर ३ गुण, अर्ध्या तासात २, तासाभरात १, त्यानंतर शून्य.

सकाळच का? रक्तातलं निकोटिन साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्री दहाला शेवटचा खर्रा थुंकला, तर सकाळी सहाला सोळावा हिस्सा उरतो. आता मेंदूकडे बघू. चेतापेशींवर अॅसिटिलकोलीन या रसायनाला दाद देणारे ग्राही (रिसेप्टर) असतात. अॅसिटिलकोलीन आपलं काम करतं आणि एक विकर (एन्झाइम) त्याचे लगेच तुकडे करतं. निकोटिन त्याच ग्राहींना चिकटतं, पण ते विकर निकोटिनला तोडू शकत नाही. सतत चिकटलेल्या निकोटिनमुळे ग्राही बधिर होतात आणि मेंदू त्यांची संख्या वाढवतो, विशेषतः अल्फा-४ बीटा-२ या प्रकाराची. रात्रभरात निकोटिन ओसरतं, बधिरपणा उतरतो आणि पहाटे हे वाढलेले ग्राही रिकामे, जागे असतात. तलफ म्हणतात ती हीच. मंतरलेल्या पाण्यानं किंवा गंड्यानं ते ग्राही कमी होत नाहीत. तंबाखू थांबली की काही आठवड्यांत त्यांची संख्या पूर्ववत होते.

थांबवल्यावरचा त्रास दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतो. चिडचिड, झोप न लागणं, बद्धकोष्ठ. ऑपरेशननंतर खाटेवरचा माणूस तिसऱ्या दिवशी बेचैन झाला आणि कागदावर नुसतं ‘आहे’ असलं, तर नर्सनं काय समजायचं? निकोटिनचं च्युइंगम २ मिलिग्रॅमचं द्यायचं की ४ चं, हेही उठल्यावर अर्ध्या तासात तंबाखू लागते का, या उत्तरावरच ठरवतात.

काकांना विचारलं. ‘चहाच्या आधीच लागते जी. त्याबिगर पोट साफ होत नाही.’ पुढच्या महिन्यात त्यांचं हर्नियाचं ऑपरेशन आहे. डॉक्टरांना दाखवायला मी चिठ्ठी लिहून दिली: खर्रा, रोज ७-८ पुड्या, २५ वर्षं, उठल्यावर ५ मिनिटांत पहिला, दोनदा सोडायचा प्रयत्न, दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी पुन्हा सुरू.